सुरी स्वयंपाकाची, पण ठरवणार कोण?

वागळे इस्टेटमधून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज विषय सुरीचा आहे. हसू नका, या सुरीपायी आमच्या गटात दोन महिने अबोला होता.

आमचा गट इथल्या कारखान्यांना आणि ऑफिसांना डबे देतो. रोजची 15-20 किलो भाजी विळीवर चिरून कंबर धरते. उभ्यानं चिरायला चांगलं पातं हवं होतं. गटातल्या एका ताईंचे भाऊ आखातात हॉटेलात कामाला आहेत. ते दिवाळीला यायचे होते. बचतीतून 6,000 रुपये काढले आणि त्यांना एक लांब सुरी आणि एक रुंद सत्तूर आणायला सांगितला.

विमानतळावर मशीनमध्ये पाती दिसली, बॅग उघडली गेली. पट्टी लावली. सुरी 10 इंच लांब, सत्तूर 3 इंच रुंद. एक साहेब म्हणाले, "स्वयंपाकाचं आहे." दुसरे म्हणाले, "माप जास्त आहे, शस्त्रात येतं." दोन तासांनी सुरी मिळाली, सत्तूर तिथंच राहिला. भाऊ दमले होते. पुढे आलेल्या कागदावर त्यांनी सही केली, प्रत मागितली नाही. बिलही जवळ नव्हतं.

मग गटात प्रश्न आला, पैसे कुणी भरायचे? काहीजणी म्हणाल्या, ताईंनी. ताई रडल्या. तेव्हा आम्ही ठरवलं, आधी कायदा काय म्हणतो ते समजून घेऊ.

शस्त्र कायदा 1959 सालचा, त्याचे आताचे नियम 2016 चे. पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल, तर चाकू, खंजीर, तलवार अशी हत्यारं शस्त्रांत मोडतात. ती परदेशातून आणायला परवाना लागतो. पण घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेल्या वस्तू यातून वगळल्या आहेत. नुसतं माप धरलं तर आपला नारळाचा कोयताही अडकेल. तो शस्त्र नाही, कारण तो कामासाठी घडवलेला आहे.

घोळ इथंच होतो. माप पट्टीनं कळतं, पण वस्तू कशासाठी बनवली हे समोरच्या अधिकाऱ्यानं ठरवायचं. त्यांचीही बाजू आहे. जानेवारी 2019 मध्ये आपल्या डोंबिवलीतच एका दुकानातून तलवारी आणि सुऱ्यांचा मोठा साठा पोलिसांनी पकडला होता. त्याच्या आदल्या वर्षी औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी-चाकू सापडले. चुकून सोडलं तर जबाब त्यांना द्यावा लागतो. म्हणून शंका आली की ते अडवतात.

मग आपण काय करायचं? वस्तूचं बिल आणि मूळ खोका जवळ ठेवा. खोक्यावर भाजीचं, स्वयंपाकाचं चित्र असेल तर उत्तमच. पार्सलनं येत असेल तर पाठवणाऱ्याला वस्तूचं नाव आणि उपयोग स्पष्ट लिहायला सांगा, कारण तिथं बोलायला आपण नसतो. बटणाचे, घडीचे, शोभेचे खंजीर मागवूच नका. विमानतळावर लाल मार्गिकेतून जा आणि स्वतःहून सांगा. खरं सांगूनही वस्तू अडली, तर परत जाताना नेण्यासाठी ती ठेवून घ्या, अशी विनंती सीमाशुल्क कायद्यानुसार करता येते. आमचे भाऊ महिन्यानं परत जाणारच होते!

वस्तू ठेवून घेतली तर पावती मागा. कायमची जप्त करण्याआधी कारण सांगणारी नोटीस आणि आपलं म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. नोटीस तोंडी चालेल, असंही काहीजण लिहून देतात, म्हणून वाचल्याशिवाय सही नको. निकाल विरुद्ध गेला तर 60 दिवसांत अपील करता येतं. पण हातात कागद नसेल तर अपील कशावर करणार?

शेवटी गटाच्या बैठकीत आम्ही ठराव लिहिला: वस्तू गटानं मागवली, चौकशी गटानं केली नाही, तेव्हा नुकसानही गटाचं. ताई पुन्हा डब्यांच्या कामाला येऊ लागल्या. सत्तूर आम्ही ठाण्याच्या बाजारातून घेतला. त्याचं बिल मात्र जपून फाइलला लावलंय.