पांदण मोकळी करा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही, ज्वारीच्याही नाही. आज रस्त्याविषयी बोलायचे आहे.

सात-बारा तुमच्या नावावर आहे, चतुःसीमा पक्की आहे, मोजणीचे दगड जागेवर आहेत. पण शेतात जायची पांदण कुणी काट्या टाकून बंद केली, तर त्या जमिनीचा उपयोग काय? बियाणे जात नाही, वेचलेला कापूस घरी येत नाही. मालकी कागदावर राहते आणि शेत पडीक पडते. आपल्यातल्या लाखो माणसांच्या हक्कांची नेमकी हीच गत झाली आहे.

आमच्या शेजारच्या गावातले एक काका आहेत. चार एकर कोरडवाहू. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. एका जिल्हा परिषदेने दिव्यांगांना पिठाची गिरणी देण्याची योजना काढली. काकांनी अर्ज केला. यादीत नाव आले, पुढे शेरा होता : एक कागद कमी, सात दिवसांत आणून द्या. यादी लागली जिल्हा परिषदेच्या साइटवर. काकांच्या मोबाइलमध्ये अक्षरे वाचून बोलणारी सोय आहे. त्यांनी रोज साइट उघडली, यादीवर बोट ठेवले. मोबाइल नुसता म्हणायचा, 'पान एक, पान दोन'. पुढे काही नाही. कारण ती यादी म्हणजे शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो होता. आठव्या दिवशी पुतण्या गावी आला, त्याने वाचून दाखवले. मुदत संपली होती.

अंधांसाठीच्या योजनेची यादी, आणि ती वाचता येणार फक्त डोळसांना! याला काय म्हणायचे?

हा प्रश्न आपला आहे

कुणी म्हणेल, हा चार लोकांचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यांतले १ कोटी ८६ लाख खेड्यात राहणारे. एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांवर. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले आहेत. म्हणजे आकडा मोठाच असणार.

आणि ही माणसे आली कुठून? मळणी यंत्रात हात कुणाचा जातो? विहिरीत पडून कंबर कुणाची मोडते? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले, अनेकांच्या नजरेवर परिणाम झाला. आज धडधाकट असलेला आपल्यातला कुणीही उद्या त्या रांगेत उभा राहू शकतो. म्हातारपणी मोतीबिंदू तर कुणाला चुकलेला नाही. निंदून, वेचून घासलेली बोटे अंगठ्याच्या मशिनीवर उमटत नाहीत, हा अनुभव इथल्या किती मायबहिणींना आहे, हात वर करा. बघा!

काट्या कशा पडतात

पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा. ती आंधळ्याला ऐकू यायची. बहिऱ्याला चावडीवरचा कागद दिसायचा. आता दवंडी गेली आणि कागद साइटवर गेला. चावडीला पायऱ्या होत्या, पण चार माणसे उचलून वर न्यायची. साइटच्या पायरीवर उचलायला कुणी नसते.

पहिली काटी म्हणजे फोटोचा कागद. कारकून मजकूर संगणकावरच टाइप करतो. मग तो छापतो, साहेब सही करतो, शिक्का बसतो आणि पुन्हा त्याचा फोटो साइटवर चढतो. टाइप केलेली मूळ फाइल सोबत चढवली, तर काकांचा मोबाइल ती घडाघडा वाचेल. खर्च शून्य.

दुसरी काटी जुन्या फॉन्टची. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी असते, पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरे असतात. बोलणारे यंत्र ती वाचायला लागले की नुसता गोंधळ ऐकू येतो. उपाय एकच, युनिकोडमध्ये टाइप करणे.

तिसरी काटी वेड्यावाकड्या अक्षरांच्या चौकटीची. ती ओळखून लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अंधाने काय ओळखायचे? तिथे ऐकून लिहिण्याची किंवा दुसरी सोय हवी. चौथी काटी, बटणांना नावच नसते. यंत्र नुसते 'बटण, बटण' म्हणते. पाचवी, योजनेची माहिती सांगणाऱ्या चित्रफितीखाली अक्षरे नसतात, मग बहिऱ्याने काय समजायचे? आणि एका हाताने टाइप करणाऱ्याचा अर्ज अर्ध्यावर येतो, तोच 'वेळ संपली' म्हणून सगळे पुसले जाते.

आपल्या बाजूची तयारी पूर्ण आहे. साध्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये 'टॉकबॅक' असते. संगणकासाठी 'एनव्हीडीए' फुकट मिळते. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ते २००६ साली सुरू केले. अडचण आहे ती कचेरीच्या बाजूला.

ही मेहेरबानी नव्हे

अपंगांचे नाव बदलून दिव्यांग केले. नाव बदलले, दार उघडले नाही. पण कायदा आपल्या बाजूला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४२ सांगते की माहिती सर्वांना घेता येईल अशा स्वरूपात हवी. कलम ४६ ने सेवा देणाऱ्यांना नियम निघाल्यापासून दोन वर्षे दिली. नियम निघाले जून २०१७ मध्ये. मुदत केव्हाच संपली. तुमचा अर्ज एक दिवस उशिरा गेला तर बाद, आणि त्यांना वर्षानुवर्षे उशीर माफ?

राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरकारला सुनावले की कायदा सक्तीचा आहे, मग नियम नुसते शिफारशीचे कसे? सक्तीचे निकष करा. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवेपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्या स्त्रियांना ओळख पटवताना 'डोळे मिचकावा' असे मशीन सांगत होते, त्यातून तो खटला उभा राहिला.

गावी गेल्यावर काय करायचे

तीन परीक्षा घ्या. यादीतल्या एखाद्या नावावर बोट दाबून धरा. अक्षरे निवडली गेली नाहीत, तर तो बहुतेक फोटो. महा-ई-सेवा केंद्रातल्या पोराला सांगा, माउस बाजूला ठेव आणि फक्त कळफलकावर अर्ज भरून दाखव. आणि गावातल्या एका अंध माणसाला मोबाइल देऊन शेजारी बसा. तो कुठे अडतो ते लिहून घ्या. साइट बरी की वाईट, हे तोच सांगेल, ठेकेदार नव्हे.

मग ग्रामसभेत ठराव करा. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही, तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांनी शिफारस केली की काय कारवाई केली, ते संबंधित कचेरीला तीन महिन्यांत कळवावे लागते. कलम ८१ तसे सांगते. आणि दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक यादी ग्रामपंचायतीत मोठ्याने वाचून दाखवावी, हे त्याच ठरावात घाला.

काकांना गिरणी मिळाली नाही. त्यांनी मला विचारले, "माझा अर्ज चुकला होता काय रे?" नाही काका, अर्ज तुमचा बरोबर होता. वाट बंद होती.

पांदण बंद झाली की आपण तहसीलदाराकडे भीक मागायला जात नाही. वहिवाटीचा हक्क सांगायला जातो. इथेही तसेच जायचे आहे.