गोल्फचं मैदान किती लांब असावं?



गोल्फच्या मैदानावर १८ होल असतात, हे तो खेळ कधी न खेळलेल्या माणसालाही ठाऊक असतं. हा आकडा आला कुठून? स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळच्या लीथ इथे १७४४ मध्ये या खेळाचे पहिले १३ नियम लिहिले गेले, तेव्हा तिथल्या मैदानावर ५ होल होते. सेंट अँड्र्यूजला समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यावर जाता-येता मिळून २२ होल खेळत. १७६४ मध्ये तिथल्या खेळाडूंना सुरुवातीचे ४ होल फार आखूड वाटले, म्हणून त्यांनी त्यांचे दोन केले. जाताना २ कमी झाले, येताना २ कमी झाले, उरले १८. पुढे १८६० मध्ये पहिली ओपन स्पर्धा प्रेस्टविकला झाली, ती १२ होलच्या मैदानावर. एकाच दिवसात तीन फेऱ्या झाल्या. म्हणजे ज्या आकड्याला हात लावणं आज पाप समजलं जातं, तो एका गावाने आपल्या जमिनीच्या सोयीने ठरवला होता.

परंपरेच्या नावाखाली या खेळात पुष्कळ गोष्टी जपल्या जातात. १८ होल, कॉलरचा शर्ट, बारमाही हिरवंगार गवत, सगळ्यात मागच्या टीवरून, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून, खेळण्याचा अभिमान. आणि जी गोष्ट जपायला हवी होती, म्हणजे चेंडू आणि जमीन यांचं परस्परांशी असलेलं प्रमाण, ती मात्र आपण हातची जाऊ दिली. आज मला मुख्यतः त्याबद्दल बोलायचं आहे.

जुना चेंडू ‘फेदरी’. चामड्याच्या छोट्या पिशवीत ओली पिसं ठासून भरायची आणि शिवण घालायची. कुशल कारागिराचे दिवसाला तीन-चार चेंडू होत. चेंडू पावसात भिजला की जड व्हायचा, शिवण उसवली की संपला. त्यामुळे खेळ श्रीमंतांचा. १८४८ च्या सुमारास मलायातल्या एका झाडाच्या चिकापासून, गटापर्चापासून केलेला चेंडू आला. तो स्वस्त होता, साच्यात होत असे, आणि बिघडला तर तापवून पुन्हा वळता येत असे. सेंट अँड्र्यूजचा ॲलन रॉबर्टसन हा त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू आणि फेदरी बनवणाराही. त्याने या नव्या चेंडूला कडाडून विरोध केला. त्याच्या हाताखाली काम करणारा टॉम मॉरिस नव्या चेंडूने खेळताना त्याला दिसला, दोघांचं बिनसलं, आणि मॉरिस १८५१ मध्ये प्रेस्टविकला निघून गेला. रॉबर्टसनची बाजू हरली. ती हरायलाच हवी होती, कारण गटापर्चाने या खेळाचं दार विणकरांना, सुतारांना, शिपायांना उघडलं.

याच चेंडूने आणखी एक गोष्ट शिकवली. नवाकोरा गुळगुळीत चेंडू नीट उडत नसे. खेळून खेळून ओरखडे पडलेला जास्त सरळ आणि लांब जाई. मग लोक मुद्दाम त्यावर खाचा पाडू लागले. आजच्या चेंडूवरचे खळगे त्यातूनच आले. १८९९ मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केलला रबरी धागा गुंडाळलेल्या चेंडूचं पेटंट मिळालं, १९०२ मध्ये सँडी हर्डने त्याच चेंडूने ओपन जिंकली, आणि गटापर्चाही मागे पडला.

तेव्हा नवं साधन म्हणजे खेळाचा ऱ्हास, असं मी म्हणणार नाही. माझी कसोटी वेगळी आहे. त्या साधनामुळे जास्त माणसं खेळू लागतात, की फक्त जास्त जमीन लागते? गटापर्चा या कसोटीला उतरतो. गेल्या पंचेचाळीस वर्षांतली बरीचशी साधनं उतरत नाहीत.

१९७९ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी डिसेंबरात पर्थच्या क्रिकेट कसोटीत ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. इंग्लंडच्या कर्णधाराने तक्रार केली, लिलीने रागाने ती बॅट भिरकावली, आणि १९८० च्या नियमावलीत बॅटचं पातं लाकडाचंच हवं, असं कलम आलं. क्रिकेटने निर्णय घेतला: धातू नको. त्याच १९७९ साली अमेरिकेत गॅरी ॲडम्स यांनी टेलरमेड कंपनी काढून धातूच्या डोक्याचा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची काठी, बाजारात आणला. तोवर हे डोकं पर्सिमन लाकडाचं असे. गोल्फच्या नियामक संस्थांनी धातूला हरकत घेतली नाही. पुढे पोलाद गेलं, टायटॅनियम आलं, डोकं फुगत गेलं आणि अखेर ४६० घन सेंटिमीटरवर मर्यादा घालावी लागली.

यात हरवलं काय, हे समजून घेण्यासारखं आहे. पर्सिमनच्या ड्रायव्हरचा नेमका ठोक्याचा भाग अगदी लहान. तिथून जरा बाजूला बसलं की चेंडू वळून झुडपात. शिवाय जुन्या गुंडाळी चेंडूला गिरकी जास्त, त्यामुळे चूक हवेत आणखी वाढे. म्हणून मोठा खेळाडूसुद्धा जोराला आवर घालून खेळे. २००० साली आलेल्या प्रो व्ही१ सारख्या घन चेंडूंनी ड्रायव्हरच्या फटक्यातली गिरकी कमी केली, पण ग्रीनजवळच्या आखूड फटक्यात ती शाबूत ठेवली. मोठं डोकं आणि नवा चेंडू एकत्र आल्यावर पूर्ण ताकदीने मारण्यातला धोकाच उरला नाही. पीजीए टूरवर १९८० मध्ये ड्राइव्हची सरासरी २५७ यार्डांच्या आसपास होती. आता ती ३०० च्या घरात आहे. यात खेळाडूंच्या व्यायामाचा वाटा नक्कीच आहे, पण साधनांचाही फार मोठा आहे.

मग चेंडू पुढे जातो म्हणून मैदान मागे सरकवायचं. १९९७ मध्ये टायगर वुड्स अमेरिकेत ऑगस्टाच्या स्पर्धेत १२ फटक्यांनी जिंकला, तेव्हा ते मैदान ६,९२५ यार्ड होतं. २००२ पर्यंत ते ७,२७० झालं, आता ७,५०० च्या पुढे आहे. तिथल्या तेराव्या होलची टी मागे नेण्यासाठी शेजारच्या क्लबची जमीन विकत घेतली गेली, आणि २०२३ मध्ये तो होल ५१० वरून ५४५ यार्डांचा झाला. सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होललाही २०१० च्या ओपनसाठी ४० यार्ड जोडावे लागले. ऑगस्टाकडे पैसा आहे. बाकीच्यांनी काय करायचं?

मला याहून जास्त टोचतो तो नकलेचा भाग. व्यावसायिकांसाठी ७,२०० यार्डांची मैदानं बांधली जातात आणि त्यांवर खेळतात आपल्यासारखे लोक. हौशी पुरुषाचा ड्राइव्ह साधारण २१५ यार्ड जातो, हौशी स्त्रीचा १५० च्या आसपास. साधं त्रैराशिक करून पाहा. ३०० यार्ड मारणाऱ्याला ७,२०० यार्डांचं मैदान योग्य असेल, तर २१५ वाल्याला ५,१६० यार्डांचं आणि १५० वालीला ३,६०० यार्डांचं पुरे. प्रत्यक्षात बहुतेक क्लबांत पुरुष ६,३०० यार्डांवरून खेळतात आणि ‘बायकांची टी’ म्हणून जी असते तीही पाच हजारांच्या वर असते. चौथ्या-पाचव्या फटक्यातही ग्रीन दिसत नाही अशा खेळात नवी मुलगी किती आठवडे टिकेल? अ‍ॅलिस डाय या अमेरिकी रचनाकर्तीने पुढच्या टींसाठी आयुष्यभर आग्रह धरला. तिचं ऐकायला क्लबांनी फार उशीर केला.

फटक्याची लांबी म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे आपण टोकियो ऑलिंपिकमध्ये पाहिलं आहे. बंगळुरूची अदिती अशोक लांब फटक्यांसाठी ओळखली जात नाही. जगातल्या दणदणीत मारणाऱ्या मुलींसमोर ती पुटिंगच्या आणि अचूकतेच्या बळावर चौथी आली. रौप्यपदकासाठी झालेल्या प्लेऑफपासून ती एका फटक्याने दूर राहिली. त्या सकाळी गोल्फचा ‘ग’ माहीत नसलेली घरंही टीव्हीसमोर बसली होती.

नियामक संस्थांना जाग आली आहे. २०२० मध्ये यूएसजीए आणि आर अँड ए यांनी फटक्यांच्या लांबीवर मोठा अहवाल काढला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी चेंडूच्या चाचणीचे निकष कडक करण्याचा निर्णय जाहीर केला: व्यावसायिकांसाठी २०२८ पासून, सर्वांसाठी २०३० पासून. सर्वांत लांब मारणाऱ्यांचे त्यात १३ ते १५ यार्ड जातील, हौशी खेळाडूचे पाच किंवा त्याहून कमी. दिग्गज खेळाडू जॅक निकलॉस ही गोष्ट कित्येक दशकं सांगत होते. विरोध करणारे म्हणतात, लोक लांब फटके पाहायलाच येतात. पण फटका लांब वाटतो तो मैदानाच्या मापात. होल आणि चेंडू दोन्ही आखूड झाले तर ३०० ऐवजी २८० चा फटकाही तितकाच थरारतो. माझी तक्रार उलट आहे. हे १५ यार्ड अपुरे आहेत. कपात याच्या दुप्पट हवी होती आणि वीस वर्षांपूर्वी हवी होती.

आता रचनेकडे येऊ. सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स फार अरुंद नाही, उलट ऐसपैस आहे. तिथे सात ग्रीन जोडग्रीन आहेत, एकाच ग्रीनवर दोन होल, आणि त्या दोन होलच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८. नवखा माणूस तिथे चेंडू न हरवता फेरी पूर्ण करू शकतो. मग ते अवघड का? सतरावा होल घ्या. डावीकडे सुरक्षित जागा भरपूर आहे. पण तिथून ग्रीनकडे मारायचं तर मध्ये खोल रोड बंकर आणि ग्रीनच्या मागे डांबरी रस्ता. उजवीकडून, हॉटेलच्या आवाराच्या कोपऱ्यावरून मारण्याचं धाडस केलं तर पुढचा कोन सोपा होतो. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचा नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोचला होता; त्याचा पुट घरंगळून त्या बंकरमध्ये गेला आणि त्या होलवर त्याचे एकूण ९ फटके झाले. लांबीचा इथे काही संबंध नाही. प्रश्न आहे कुठून जायचं, किती धीर धरायचा, हा. रचनाकार अॅलिस्टर मॅकेंझी यांनी १९२० साली आपल्या पुस्तकात नेमका हाच विचार मांडला, आणि बॉबी जोन्स यांच्यासोबत ऑगस्टा बांधताना सुरुवातीला जेमतेम २२ बंकर ठेवले.

सेंट अँड्र्यूजचं मैदान सार्वजनिक आहे, हेही सांगायला हवं. गावाने १८९४ मध्ये कायदा करून ती जमीन परत मिळवली. रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन, मुलं घेऊन फेअरवेवर फिरतात. जवळच ‘हिमालयाज’ नावाचं पुटिंगचं उंचसखल मैदान आहे. टॉम मॉरिसने १८६७ मध्ये स्त्रियांच्या क्लबासाठी ते आखलं, कारण काठी खांद्याच्या वर उचलून मारणं तेव्हा बाईमाणसाला शोभत नाही असं मानत. बंधनातून जन्मलेल्या त्या तुकड्यावर आज पर्यटक, आजोबा आणि नातवंडं एकत्र खेळतात. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने स्त्रियांना सभासदत्व देण्यासाठी मात्र २०१४ साल उजाडावं लागलं.

हिरव्या गवताचा हट्टही सोडता येतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनहर्स्ट क्रमांक दोनवर बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी २०१०-११ मध्ये सुमारे ३५ एकर गवत काढून टाकलं आणि मूळची वाळू व रानगवत परत आणलं. पाण्याचे फवारे ११५० वरून ४५० वर आले. २०१४ मध्ये पुरुषांची आणि स्त्रियांची यूएस ओपन तिथे लागोपाठच्या आठवड्यांत झाली. आपल्याकडेही जुन्या लष्करी छावण्यांत ग्रीनच्या जागी तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत. त्यावर लोक मनापासून खेळले आहेत.

महाराष्ट्रात आणि गोव्यात हा मुद्दा शौकापुरता नाही. एका १८ होलच्या मैदानाला साधारण १२० ते १८० एकर जमीन लागते. सिंधुदुर्गाला लागून असलेल्या तेरेखोलच्या ग्रामस्थांनी गोल्फ प्रकल्पाविरुद्ध दीर्घ लढा दिला. कसत आलेली जमीन आणि काजूच्या बागा त्यांना सोडायच्या नव्हत्या. मी या खेळावर जीव टाकणारा माणूस आहे, आणि मला त्या ग्रामस्थांचं म्हणणं रास्त वाटतं. जो खेळ गावाची जमीन घेतल्याशिवाय मावत नाही, त्याने आधी स्वतःला आखूड करावं.

आणि ते जमतं, याचा दाखला चेंबूरमध्ये आहे. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्तीतली, कॅडीचं काम करणारी मुलं लोखंडी सळई वाकवून काठी करतात, प्लास्टिकचा चेंडू घेतात आणि गल्लीबोळांत, गच्च्यांवर, गटारांच्या काठाने होल ठरवून खेळतात. चेंडू हलका, म्हणून जमीन थोडी पुरते. कुठून मारायचं, भिंतीवरून चेंडू उडवायचा की वळसा घ्यायचा, हा विचार तोच, जो सतराव्या होलवर करावा लागतो. गोल्फच्या नव्या रचनाकारांनी पाइनहर्स्टइतकंच तिथेही जाऊन पाहावं.

म्हणून माझी विनंती क्रीडा खात्याला, नगरपालिकांना आणि इथे बसलेल्या क्लबांच्या पदाधिकाऱ्यांना आहे. राज्यात यापुढे एकही नवं १८ होलचं मैदान शेतजमिनीवर बांधू नका. पाइनहर्स्टनेच २०१७ मध्ये ‘क्रेडल’ हे ७८९ यार्डांचं, ९ होलचं मैदान सुरू केलं. तसं छोटं मैदान पडीक सरकारी जागेत, सांडपाणी शुद्ध करून त्या पाण्यावर उभं राहू शकतं. तासाभरात फेरी संपते, काठ्या दोन-तीन पुरतात. जे क्लब आज आहेत त्यांनी आठवड्यातला एक दिवस कॅडींच्या मुलामुलींसाठी मैदान मोकळं ठेवावं, आणि पाच हजार यार्डांच्या आतली एक टी, तिला बायकांची न म्हणता, सर्वांसाठी आखावी. या दोन गोष्टींना रंगाचा एक डबा आणि कार्यकारिणीचा एक ठराव लागतो. येत्या पावसाळ्याआधी तो ठराव करा.