टाकीभर डिझेल आणि आपला सातबारा



१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळव्याला येणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या. मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी महाप्याची एखादी छोटी कंपनी आपला सर्व्हर कसा चालू ठेवते? आधी बॅटरी भार उचलते, पण तिची सोबत थोड्या मिनिटांची. तेवढ्यात जनरेटर सुरू व्हायला हवा. पुढे सारा हिशेब टाकीतल्या डिझेलचा. सर्व्हर थंड ठेवणारा एसीही तेच डिझेल खातो. म्हणून नड नसलेली यंत्रे आधी बंद करायची.

आपल्या विहिरीवरच्या मोटारीला बॅटरी नाही. पण आपला सातबारा आता सर्व्हरवरच आहे. तो ऐन पेरणीत बंद पडला तर पीककर्ज अडेल. ते डिझेल साठवतात. आपण छापील उतारा आधीच काढून ठेवू.