पत्र्याची धूळ



सुगी संपली की गावोगावची माणसे बांधकामावर जातात. कुणी पुण्याला, कुणी मुंबईला. हाताला काम मिळते. चार पैसे गाठीला येतात. त्या कामातल्या एका धोक्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात नुसते सिमेंट नसते. बहुतेक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. हा खाणीतला दगडच. पण त्याचे कापसासारखे तंतू निघतात. ते जळत नाहीत, कुजत नाहीत. पत्रा छपरावर धड आहे, तोवर फारसे भय नाही. तो कापला, फोडला, भोक पाडले, की धूळ उडते. त्या धुळीतले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात आणि तिथेच रुततात.

मिरची कांडताना ठसका लागतो, म्हणून आपण तोंड फिरवतो. ही धूळ तसा इशारा देत नाही. १०, २०, कधी ४० वर्षांनी दम लागू लागतो. फुफ्फुस निबर होते. कुणाला कर्करोग होतो. निबर झालेले फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. बिडी ओढणाऱ्याला तर कर्करोगाचे भय कितीतरी जास्त.

मुकादम म्हणेल, “इतकी वर्षे लोक पत्रे कापतात. कुणाला काय झाले?” अहो, दम लागेल तेव्हा तो माणूस गावी परतलेला असेल. मुकादमाला तो दिसणार कसा?

मग काय करावे? जुना पत्रा आपटून फोडू नये. आधी पाण्याने भिजवावा आणि अखंड उतरवावा. त्यावर पाय देऊ नये, तो मोडतो. मशीनने कापू नये. धूळ कोरड्या झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही. बारीक धुळीसाठीचा खास मास्क मागून घ्यावा. कामाचे कपडे घरी आणून झटकू नयेत. ती धूळ बायकामुलांनाही बाधते.

१९९५ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगाराच्या प्रकृतीची नोंद निदान ४० वर्षे ठेवावी, असे त्यात सांगितले. पण आज इथे, उद्या तिथे रोजंदारी करणाऱ्याची नोंद कोण ठेवणार?

मंडळी, आता तुम्हाला लिहिता येते. एक वही घाला. कोणत्या साली, कोणत्या गावी, कुणाच्या हाताखाली पत्र्याचे काम केले, ते लिहून ठेवा. पुढे खोकला, दम लागला, तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. नाहीतर ते क्षयच समजायचे. तुम्ही काय काम केलेत, हे त्यांना कळले, तर खरा रोग लवकर सापडेल.

पहिली ओळ आज रात्रीच लिहा.