खाल्लेले अंगी का लागत नाही?



ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राहतो, गोफण फिरू लागते. पाखरांपासून कणीस राखणे किती जिकिरीचे, हे आपणांस सांगावयास नको. अमेरिकेच्या आग्नेय भागातील शेतकऱ्यांनी गेल्या शतकात यावर एक तोड काढली. पाखरांना न रुचणारी, तुरट दाण्याची ज्वारी त्यांनी पेरली. दाणाच दाण्याचा राखणदार झाला! पण असा दाणा टर्की पक्ष्याच्या पिलांच्या खुराकात आला की त्यांची वाढ मागे पडते.

असे का व्हावे? या दाण्याच्या सालीखाली एक रंगीत पापुद्रा असतो आणि त्यात टॅनिन असते. हिरड्याने किंवा बाभळीच्या सालीने कातडे कमावतात, तेही याच वर्गातील द्रव्यांच्या बळावर. ते कातड्यातील प्रथिनांना घट्ट धरते, म्हणून कातडे टिकते. लाळेतील प्रथिनांना धरते, म्हणून तोंड कोरडे पडते. पोटात गेल्यावरही त्याचा स्वभाव बदलत नाही. अन्नातील प्रथिने आणि पाचक रस या दोहोंना ते जखडते, आणि न पचलेली प्रथिने विष्ठेवाटे निघून जातात.

टर्कीच्या पिलांस तर प्रथिनांची भूक मोठी. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ सालच्या कोष्टकात मांसल कोंबडीच्या पिलांना आरंभी २३ टक्के प्रथिने सांगितली आहेत. टर्कीच्या पिलांना पहिले चार आठवडे २८ टक्के. आठ आठवड्यांनंतर ही गरज २२ टक्क्यांवर उतरते. म्हणजे कोवळ्या वयातली तूटच अधिक घातक. सोयाबीनची पेंड वाढवून किंवा मेथिओनिन घालून ती बरीच भरून काढता येते. पण मग राखणीत वाचलेला पैसा पेंडीत जातो!

यावरून लाल दाणा तेवढा वाईट, असे मात्र कोणी समजू नये. साल लाल असूनही आत तो पापुद्रा नसेल, तर हे टॅनिन नसते. आपल्या मालदांडीच्या पांढऱ्या दाण्यातही ते नाममात्रच.

सांगावयाचे ते इतकेच. पोत्यावर लिहिलेला प्रथिनांचा आकडा हा घातलेल्या अन्नाचा आकडा आहे. अंगी लागलेल्या अन्नाचा नव्हे. आम्ही पिलांपुढे किती टाकले हे मोजतो. त्यांना किती पोहोचले, हेही मोजावयास शिकले पाहिजे.