मंगळ डोळ्यांनी पाहिला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. सभेत बोलण्याची मला सवय नाही. पण ‘पाहिले ते सांगा’ असा अध्यक्षबाईंनी आग्रह केला, म्हणून उभी आहे.

माझ्या थोरल्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे, हे आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. त्यापायी तीन स्थळे परत गेली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी त्या मंगळालाच हात जोडीत असे.

२०२५ च्या जानेवारीत धाकटा मुलगा म्हणाला, ‘‘आई, ज्याला इतकी भितेस, त्याला एकदा पाहा तरी.’’

पुण्याला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. आकाशाची हौस असणाऱ्या मंडळींनी ती १९४४ साली स्थापन केली. आपापले कामधंदे सांभाळून ही मंडळी लोकांना तारे दाखवितात. आम्ही गेलो तेव्हा दुर्बिणीपाशी माझ्या मुलाच्याच वयाचा एकजण होता.

आधी त्याने शनी दाखविला. त्याचे कडे सुईसारखे बारीक दिसले. सुमारे १५ वर्षांनी एकदा ते आपल्याला असे धारेकडून दिसते म्हणे. मग पूर्वेला वर आलेला मंगळ. भिंगाला डोळा लावताना छातीत धडधडत होते. पाहते तो काय, मसुरीच्या डाळीसारखा लालसर दाणा! एवढासाच!

‘‘हा लाल का?’’ मी भीत भीत विचारले.

तो हसला नाही. म्हणाला, ‘‘काकू, तिथल्या मातीत लोखंडाचा गंज आहे. जुन्या तव्यावर चढतो ना, तसाच.’’

मंगळाचा व्यास सुमारे ६,८०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या जेमतेम निम्मा. त्या दिवसांत तो आपल्याजवळ आला होता, तरी साडेनऊ कोटी किलोमीटरांहून दूर. २०१४ साली आपले मंगळयान तेथवर पोहोचले, हेही त्याने सांगितले.

घरी येताना मनात आले, इतक्या दूरच्या त्या मातीने माझ्या पोरीचे काय वाकडे करावे? वाकडे केले ते आपणच माणसांनी.

भगिनींनो, मी दिवा अजून लावते. व्रतेही सोडलेली नाहीत. पण मुलीची पत्रिका आता कोणाला दाखवीत नाही. आणि उद्या मुलासाठी स्थळे येतील, तेव्हा कोणाच्या मुलीची पत्रिका मागणार नाही, हे आज आपणांसमोर सांगून टाकते.

आपणही एकदा मुलीसुनांना घेऊन जाऊन या.