कायदा, पौलाचं पत्र आणि पळून आलेला माणूस

फौजेत उभी हयात मी हुकूम दिले आणि पाळले. आमच्या १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये आज्ञाभंगाला शिक्षा आहे, पण हुकूम 'कायदेशीर' असेल तर. एकदा वर्गात एका जवानाने विचारलं, "साहेब, कायदाच वाईट असला तर?" मी विषय बदलला होता.

त्याच वर्गात शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची अमेरिका बसली होती, असं आता वाटतं. १८५० साली तिथे पळालेल्या गुलामांविषयी नवा कायदा झाला. आसरा दिला तर १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडलेल्याला स्वतःची साक्ष देता येत नसे. त्याला परत धाडलं तर कमिशनरची फी १० डॉलर, सोडलं तर ५.

मोझेस स्टुअर्ट हे हिब्रूचे मोठे पंडित. गुलामगिरी त्यांनाही वाईटच वाटे. तरी ते म्हणाले, कायदा पाळा; पौलानेसुद्धा अनेसिमाला मालकाकडे परत पाठवलं होतं. पण 'अनुवाद' या पुस्तकात तर पळून आलेल्या दासाला परत देऊ नका, अशी आज्ञा आहे! त्यावर स्टुअर्ट म्हणत, ती परधर्मी मालकांकडून आलेल्यांसाठी. दक्षिणेतले मालक आपलेच ख्रिस्ती बांधव. "चूक आहे, पण ठरलंय ना" हा सूर मी मेसमध्येही ऐकलाय.

विरोधक तेच पत्र उघडत. पौलाने अनेसिमाला बेड्या घालून नाही पाठवलं. याला दास नव्हे, भाऊ म्हणून घे, असं लिहून पाठवलं.

काहींचं म्हणणं वेगळं होतं: कायदा मोडा आणि शिक्षाही भोगा. सप्टेंबर १८५८ मध्ये ओहायोतल्या ओबर्लिनच्या लोकांनी जॉन प्राइस या पळून आलेल्या तरुणाला पकडणाऱ्यांच्या हातून सोडवलं. कॉलेजातल्या जेम्स फेअरचाइल्ड या प्राध्यापकांनी त्याला घरात लपवलं. ३७ जणांवर आरोप ठेवले गेले, दोघे दोषी ठरले. त्यातले चार्ल्स लँगस्टन कृष्णवर्णीय. त्यांनी न्यायाधीशांना तोंडावर सांगितलं की, माझ्या बरोबरीच्या माणसांनी माझा न्याय केलेला नाही, आणि पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन.

त्यांचं भाषण ऐकून न्यायाधीशांनी शिक्षा कमी केली. २० दिवस कैद आणि १०० डॉलर दंड. कायदा मात्र तसाच राहिला, १८६४ पर्यंत.